फ्रीजरमधली चानकी

आप्पांच्या घरी फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेशेजारी एक काळी रबरी चकती ठेवलेली असते. तिला कोणी हात लावायचा नसतो. गेल्या आखाजीला आमरसाचा डबा मावेना म्हणून माईंनी ती काढून खाली दाराच्या कप्प्यात, हिंगाच्या डबीजवळ ठेवली, तर आप्पा दोन वेळा जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण बोलले नाहीत. चकती गरम असली की बर्फावर उड्या मारते, म्हणून ती खेळाआधी गोठवून ठेवावी लागते. हे आप्पांना ठाऊक आहे, माईंनाही आता ठाऊक झालं आहे. खेळ कधी, एवढाच प्रश्न त्या घरात बाकी आहे.

चकती आईस हॉकीची आहे. तीन इंच व्यास, एक इंच जाडी, वजन १७० ग्रॅमच्या आसपास. ती आली कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून, आणि राहते नशिराबादला. म्हणजे जळगाव आणि भुसावळच्या मध्ये, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, लोक गच्चीवर पाणी शिंपडून झोपतात, आणि बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याने गोणपाटात गुंडाळून भुशात पुरलेली लादी. तिच्यावर कोणी चालत नाही. तिला सुंब्याने फोडून ग्लासात टाकतात.

परदेशातल्या मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या आईबापांची आता आमच्या भागात एक जमातच झाली आहे. मुलं इंजिनियर झाली, आधी पुण्याला गेली, मग पुण्याच्याही पुढे गेली, आणि म्हातारे-म्हाताऱ्या एकेका हिवाळ्यापुरते त्यांच्यामागे जाऊन येऊ लागले. प्रत्येक जण येताना बदाम, सुटकेसला बांधलेली लाल रिबन आणि एक मत घेऊन येतो. बदाम संपतात. आमच्या गल्लीत न्यू जर्सीहून आलेले एक काका आहेत, हॉर्न ऐकला की ते डोळे मिटून घेतात. हायवे जवळ असल्यामुळे ते दिवसातला बराच वेळ डोळे मिटलेलेच असतात. जर्मनीला जाऊन आलेल्या एक मावशी कचरा चार डब्यांत वेगवेगळा करतात आणि घंटागाडीवाला त्यांच्यादेखत तो पुन्हा एकत्र करतो. हा कार्यक्रम रोज सकाळी आठला असतो. या जमातीत आप्पा वरच्या पायरीवर बसतात, कारण त्यांचं मत तपासून पाहायला गावात दुसरा माणूस नाही.

तिकडे जाण्याआधी आप्पांना कुठल्याच खेळाचा नाद नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी भुसावळच्या यार्डात शंटिंगमध्ये काढली, भादली स्टेशनावरून पॅसेंजरने अपडाऊन करत. क्रिकेट त्यांना कधी मानवलं नाही. "पाच दिवस खेळू राह्यले, मधी जेवन, मधी चहा, आन निकाल नही. याले खेळ म्हंते का कोन्ही? हे तं सरकारी काम हाये." कबड्डीबद्दल आदर होता, पण पाहायला वेळ नव्हता.

आणि मग नातू. सात वर्षांचा, आठवड्यातून दोनदा पहाटे सहाला रिंकवर. बर्फावरचे बूट फार घट्ट बांधावे लागतात, घोटा हलता कामा नये. सुनेच्या हाताला तेवढा जोर नाही आणि मुलाची त्याच वेळी मीटिंग असते, पुण्याच्या लोकांबरोबर. तेव्हा ते काम आप्पांकडे आलं. बाकासमोर गुडघे टेकायचे, नातवाची टाच आपल्या मांडीवर घ्यायची, नाडी खालच्या भोकापासून एकेक करत ओढत वर यायचं, शेवटी घोट्याला फेरा आणि गाठ. हात चौतीस वर्षं डब्यांची कपलिंगं आवळलेले. तिसऱ्या आठवड्यात शेजारचे गोरे बाप आपापली पोरं घेऊन आप्पांसमोर रांगेत उभे राहू लागले. आप्पा सांगतात अकरा जण. माई सांगतात तीन. मी सात धरून चालतो.

त्याच बाकावर त्यांना एक सरदारजी भेटले. त्यांचाही नातू आत पडत-उठत होता. सरदारजी तरुणपणी ट्रक चालवायचे आणि कलकत्त्याहून सुरतेला जाताना आपल्याच हायवेवर कुठल्याशा ढाब्यावर शेवभाजी खाऊन डोळ्यांतून पाणी आल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं. एवढी ओळख पुरे झाली. आईस हॉकी आप्पांना सरदारजींनी शिकवली, पंजाबीतून. आप्पांनी ती भाषांतर करून घेतली रेल्वेत.

ऑफसाइड, उदाहरणार्थ. मी इंटरनेटवर दोनदा वाचून सोडून दिलेला नियम आप्पांनी मला सुपारी कातरता कातरता समजावला. "निळी रेघ म्हंजे सिग्नल. चकती म्हंजे इंजिन, खेळनारे म्हंजे डबे. आधी इंजिन आत गेलं पाहिजे, मंग डबे. डबे आधी घुसले तं शिट्टी." आइसिंगही तसंच. आपल्या अर्ध्यातून चकती नुसती भिरकावून पार पलीकडच्या टोकाला सोडून द्यायची नाही. "डब्यावर काय लिहेल असते? लूज शंट करू नये. बस, तेच." अंगावर अंग घालून समोरच्याला फळीवर दाबणं कायदेशीर आहे, ते बफरला बफर. खेळाडू चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत दमतात आणि खेळ चालू असतानाच बदलतात, एक कठड्यावरून बाहेर पडतो तोवर दुसरा आत. "चालत्या गाडीत ड्रायव्हर बदलनं! आमच्या यार्डात केलं असतं तं चार्जशीट." पण हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला हळहळ म्हणतात. चौतीस वर्षांत आपल्याला एकदाही असं करू दिलं नाही, याची.

आप्पांची मतं इथून सुरू होतात.

पहिलं मत मारामारीविषयी. आईस हॉकीत दोन गडी भांडले तर हातमोजे खाली टाकतात, समोरासमोर ठोसे मारतात, पंच बाजूला उभे राहून बघतात आणि एक जण आडवा झाला की सोडवतात. मग दोघांनी पाच-पाच मिनिटं आपापल्या पेटीत जाऊन बसायचं. पाच मिनिटं झाली की पुन्हा खेळायला. आप्पांना हा जगातला सर्वांत न्यायी कायदा वाटतो. "आपल्याकडे काय? बांधाचं भांडन आजा सुरू करते, तारखेले नातू जाते. वकिलाचं घर दुमजली होते. त्यापेक्षा पाच मिंटं बसवा!"

हा कायदा त्यांनी गल्लीत लावून पाहिला. नळाला पाणी आलं होतं आणि दोन घरांत हंड्यांच्या रांगेवरून जुंपली होती. आप्पांनी घरातून प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणल्या, दोन्ही कर्त्या पुरुषांना त्यांवर बसवलं आणि घड्याळ लावलं. वयाचा मान म्हणून दोघे बसले. चौथ्या मिनिटाला पाणी गेलं. पाचव्या मिनिटाला दोघे उठले आणि गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच एकमताने, एका सुरात, आप्पांशी भांडले. त्या भांडणाला मात्र कोणी वेळ लावली नाही. माईंनी मागाहून हा कायदा घरात लागू केला. आप्पा फार बोलायला लागले की त्या ओट्याच्या कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीकडे नुसतं बोट दाखवतात. आप्पा जाऊन बसतात. किती मिनिटं ते माई ठरवतात.

दुसरं मत हेल्मेटविषयी. हे मत ऐकून घेण्यासारखं आहे. उत्तर अमेरिकेतली मोठी लीग, एनएचएल, १९१७ साली सुरू झाली. गोलीने, म्हणजे गोलरक्षकाने, तोंडावर मुखवटा घालायची रीत पडली ती १९५९ मध्ये, माँट्रियलच्या झाक प्लाँटच्या चेहऱ्यावर चकती बसून टाके पडले त्यानंतर. तोवर ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने येणारी गोठलेली चकती ही माणसं उघड्या तोंडाने अडवत होती. बाकीच्यांना हेल्मेटची सक्ती झाली १९७९ साली, आणि तीही नव्यांनाच, जुन्यांना सूट. बिनहेल्मेटचा शेवटचा गडी, क्रेग मॅकटॅव्हिश, निवृत्त झाला १९९७ ला. "अठरा वर्षं लागली, बापा," आप्पा म्हणतात, "पन संपले ना जुने? आपल्या हायवेवर पाह्य. पंधरा वर्षाचं पोरगं मोटरसायकलवर, आन तेही जुन्यातच धरते सोताले." हे बोलत असताना त्यांचं स्वतःचं हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलेलं असतं, त्यात मेथीची जुडी असते.

कपाविषयी बोलायला लागले की मात्र आप्पा हळू होतात. १८९२ साली कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी एक चांदीचं भांडं दिलं. त्याला खालून एकेक कडं जोडत आता ते जवळपास तीन फूट उंच आणि साडेपंधरा किलोंचं झालं आहे, आणि जिंकणाऱ्यांची नावं त्यावर कोरतात. विजेत्या संघातला प्रत्येक जण तो कप उन्हाळ्यात एक दिवस आपल्या गावी नेतो. बरोबर पांढरे हातमोजे घातलेला एक राखणदार असतो. कोणी त्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करतं, कोणी त्यातून नाश्ता खातं. "आन आपल्या शायेची ढाल? कपाटात. कपाटाची किल्ली कोनाजवळ? जो रिटायर झाला त्याच्याजवळ." नशिराबादचं पोरगं उद्या जिंकलं तर त्या एका दिवसाचं नियोजन आप्पांनी करून ठेवलं आहे. सकाळी कप शाळेत, दुपारी त्यात भरीत (कळण्याची भाकरी वेगळ्या ताटात, कपाला ओरखडा नको), आणि संध्याकाळी बारागाड्यांच्या पहिल्या गाडीवर. नशिराबादचं पोरगं त्यासाठी आधी बर्फावर उभं राहायला हवं, हा मुद्दा आम्ही कोणी काढत नाही. मास्तर काढतात.

मास्तर म्हणजे आमचे निवृत्त इंग्रजीचे शिक्षक, आप्पांचे संध्याकाळच्या ओट्यावरचे प्रतिस्पर्धी. आप्पांचा संघ टोरोंटोचा, मेपल लीफ्स. मास्तरांनी पहिल्याच दिवशी तंबाखू मळायची थांबवली.

"लीव्ज," ते म्हणाले.

"काय?"

"लीफचं अनेकवचन लीव्ज. सहावीचं पोरगं सांगेल. ज्या टीमला स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही ती काय जिंकणार?"

आप्पांनी रात्री ब्रॅम्प्टनला फोन लावून सरदारजींकडून उत्तर आणलं. हे झाडाचं पान नव्हे, विशेषनाम आहे, कॅनडाच्या सैनिकांच्या बिल्ल्यावरचं, १९२७ साली घेतलेलं. विशेषनामाला व्याकरण लागत नाही. मास्तरांनी ते मान्य केलं आणि पुढचा प्रश्न टाकला, शेवटचं कधी जिंकले?

"सदुसष्टला."

"म्हणजे २०६७ ला?"

नाही, १९६७ ला. त्यानंतर एकदाही नाही. त्या वेळी लीगमध्ये संघच होते सहा, आता बत्तीस आहेत. त्या जिंकलेल्या संघात टिम हॉर्टन नावाचा एक गडी होता. त्याने १९६४ साली कॉफी आणि डोनटचं दुकान काढलं होतं, आणि आज कॅनडात दर वळणावर त्याच्या नावाची पाटी असते. आप्पा म्हणतात की कपापेक्षा दुकान टिकलं, यातच सगळं आलं. मग हरणारा संघ का धरला, असं मी एकदा विचारलं. "मी तठी गेलो तवा जो व्हता तो धरला. गाव का जिंकते-हारते पाहून धरतो आपन?" आप्पा म्हणाले. यावर मास्तरांनाही काही सुचलं नाही, आणि हे क्वचित घडतं.

या संघाची निळी, पांढऱ्या पानाची, पूर्ण बाह्यांची जाड जर्सी आप्पा बाजाराच्या दिवशीही घालतात. पहिल्या दिवशी भाजीवालीने विचारलं, "आप्पा, पानटपरी टाकली का?" तेव्हापासून बाजारात त्यांना काही जण 'मगई' म्हणतात. आप्पांपर्यंत ते पोचलेलं नाही.

नशिराबादेत रिंक व्हावी हे आप्पांचं सर्वांत मोठं मत, आणि त्याच्या मागे पुरावा आहे. लास वेगास वाळवंटात आहे, उन्हाळ्यात आपल्याइतकंच तापतं. तिथे २०१७ साली संघ निघाला आणि २०२३ ला कप घेऊन गेला. फ्लोरिडात तर दमट उकाडा, मगरी आणि नारळाची झाडं. फ्लोरिडा पँथर्सने २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोनदा कप नेला. उलट बर्फात जन्मलेल्या कॅनडाचा संघ शेवटचा जिंकला १९९३ ला, माँट्रियलचा. "म्हंजे बर्फाचा आन हॉकीचा काही संबंध नही, हे सिद्ध झालं," आप्पा म्हणतात. त्यांचं गणित सरळ आहे. मैदान २०० फूट बाय ८५, बर्फ फक्त इंचभर जाड, खाली थंड पाण्यासारखं द्रव फिरवणारे पाइप. केळी पिकवायला आणि साठवायला थंड खोल्या आपल्याकडे गावोगाव आहेत. आणखी एक जरा लांबट बांधायची. "केयीले थंडाई लागते ते चालते. मानसाले लागली तं काय पाप हाये?" मास्तरांकडे इथे एक हुकमी पत्ता आहे, अ‍ॅरिझोना. तिथल्या वाळवंटातला संघ वर्षानुवर्षं तोट्यात चालून शेवटी २०२४ ला गाशा गुंडाळून सॉल्ट लेक सिटीला गेला. मास्तर हा पत्ता टाकतात तेव्हा आप्पांना हटकून घरात काहीतरी काम आठवतं.

भाषेचं मत मला स्वतःला पटलेलं आहे. कॅनडात हॉकीचं पंजाबी समालोचन २००८ पासून चालतं. हरनारायण सिंग यांच्यासारखे समालोचक त्यातून इतके गाजले की गोरेही ते ऐकतात. चकतीला टिक्की म्हणायचं, दणक्याच्या फटक्याला चपेड. आप्पांचा प्रश्न असा की पंजाबीत होतं तर आपल्या बोलीत का नाही? त्यांनी शब्द तयार करून ठेवले आहेत. चकती म्हणजे चानकी, लहान पोरांसाठी आई उरलेल्या पिठाची करते ती. गोली तो राखणदार, केळीच्या बागेतला. शिक्षेची पेटी म्हणजे कोंडवाडा. एक गडी कोंडवाड्यात गेला की समोरच्यांचा जोर वाढतो, त्याला 'भाऊबंद कमी पडले' असं म्हणायचं. पहाटे, टोरोंटोत संध्याकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा, काकड्याच्या वेळी, आप्पा ओट्यावर मोबाइल टेकवून त्याचा आवाज बंद करतात आणि स्वतःचा चालू करतात.

"चानकी घेतली, निंघाला... एकाले ढोसलं, दुसऱ्याले चकवलं... अरे दे ना, दे ना त्याले, एकलाच खासीन का... थापड! राखनदारानं धरली, बापा! सोताच्या लग्नातबी असा हात पुढं केला नसंन त्यानं!"

आमची गल्ली या आवाजाला उठते. दुधवाला तर धावफलकच विचारतो.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आप्पांनी आम्हाला प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलं. फ्रँक झांबोनीची गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली, आणि ती खरी आहे. कॅलिफोर्नियातला हा माणूस मुळात आपल्या बर्फवाल्यांसारखाच लाद्या बनवायचा. घरोघरी फ्रीज आले, लाद्यांचा धंदा बसला, तेव्हा त्याने भावांबरोबर १९४० ला स्केटिंगची रिंक काढली. बर्फ ओरखड्यांनी खराब व्हायचा, तो साफ करायला तासाहून जास्त लागायचा. १९४९ साली त्याने एक गाडी बनवली, जी वरचा थर तासते, धुते आणि मागे पाण्याचा पातळ हात देत जाते. रिंक आरशासारखी. आज त्या गाडीलाच झांबोनी म्हणतात. आप्पांना या गोष्टीत स्टॅन्ले कपापेक्षाही जास्त रस आहे, कारण धंदा बुडालेल्या माणसाने त्यातूनच पुढचा धंदा काढला. रसवंतीवाल्याला त्यांनी ती तीनदा ऐकवली होती. चौथ्यांदा ऐकावी लागू नये म्हणून त्याने अर्धी लादी फुकट दिली.

दुपारचे साडेचार. लाइट गेलेली. गोणपाट सोडून लादी ओट्याच्या सावलीतल्या फरशीवर ठेवली, बाजूंनी पाणी निघायला लागलेलंच. आप्पा जर्सीत. हातात काठी म्हणून केळीच्या घडाला टेकू द्यायचा बांबू, खाली फळीचा तुकडा तारेने बांधलेला. माईंनी फ्रीजरमधली चकती ताटात घालून आणली, हळदीकुंकवाला आणतात तशी. गल्लीतली पोरं पुढे, मास्तर खुर्चीत, कोंडवाड्याच्या.

"आता पाह्यजा," आप्पा म्हणाले, "कशी सरकते."

चकती लादीवर ठेवली. काठी मागे नेली. लादी होती दोन फूट, आप्पांच्या मनात होतं दोनशे फूट मैदान. चकती लादीवरून सुटली, फरशीवर एक टप्पा, मास्तरांच्या खुर्चीखालून, पायरीवरून, आणि थेट गटारात. पोरांनी आरडाओरडा केला. मास्तर उठले नाहीत, फक्त पाय वर घेतले. "आइसिंग," ते म्हणाले. त्यांना नियम आला होता हे तेव्हा कळलं.

चकती काढायला पोरं गटाराकडे धावली आणि लादीजवळ कोणी उरलं नाही. समोरच्या घरची शेळी तेवढ्यात दावं सोडवून आली आणि निवांत लादी चाटायला लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे, ओळीत. उन्हाने खडबडीत झालेला वरचा थर गेला आणि खालचा बर्फ काचेसारखा निघाला. आमच्या गावच्या काचेच्या बांगड्यांचा इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये उल्लेख आहे. तशी ती लादी लखलखत होती. कोणी शेळीला हाकलायला दगड उचलला, तर आप्पांनी त्याचा हात धरला.

"थांब. झांबोनी हाये ते."

शेळीचं नाव तेव्हापासून झांबोनी. तिच्या मालकिणीला त्याचा अर्थ माहीत नाही, पण 'जांभूनी' अशी हाक मारली की शेळी येते.

जूनमध्ये लडाखच्या पोरींनी अल ऐनला आशियाई स्पर्धेत भारताला कांस्यपदक मिळवून दिलं तेव्हा आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. मास्तरांनी दोन घेतले. गोठलेल्या तळ्यांवर खेळून शिकलेल्या पोरी, असं आप्पा सांगत होते, तेव्हा मास्तरांनी वाळवंटाचा विषय काढला नाही. पेढा तोंडात होता.

एक गोष्ट आप्पा कुणाला सांगत नाहीत, ती माईंनी सांगितली. नातवाने आईस हॉकी सोडली. खर्चही फार होता आणि पहाटही फार होती. आता तो क्रिकेट खेळतो, ब्रॅम्प्टनमध्ये क्रिकेटची मैदानं भरलेली असतात. नव्या बुटांना नाड्या असतात, पण त्या त्याच्या त्याला बांधता येतात. ती फ्रीजरमधली चकती त्याची. माईंनी ती सामानात आणली, आप्पांनी नव्हे.

मुलाचा तर या सगळ्याशी पहिल्यापासून संबंध नव्हता. तो टोरोंटोजवळ राहून आयपीएल पाहतो, तिकडच्या सकाळी, ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात छोटी खिडकी करून. बाप नशिराबादेत बसून पहाटे मेपल लीफ्स पाहतो. फोनवर दोघे एकमेकांना एकमेकांच्या गावचे निकाल सांगतात आणि दोघेही ऐकत नाहीत.

सोमवार, १९ मे २०२५. कॅनडात अजून रविवारची संध्याकाळ. दुसऱ्या फेरीचा सातवा, निर्णायक सामना, टोरोंटोत, फ्लोरिडाविरुद्ध. पहाटे पाचला मी गच्चीवरून खाली आलो, कारण त्या दिवशी झोप लागणं शक्य नव्हतं. मास्तर आधीच येऊन बसले होते. दुधवाला थांबला होता. पहिला तास आप्पा बोलत होते, मग कमी बोलायला लागले, मग मोबाइलचा आवाज त्यांनी स्वतःच चालू केला. ६-१. फ्लोरिडा. शेवटी शेवटी टोरोंटोच्या प्रेक्षकांनी अंगातल्या जर्सी काढून बर्फावर फेकल्या. आप्पांनी ते पाहिलं. मग स्वतःची जर्सी डोक्यावरून काढली, घामाने ती पाठीला चिकटली होती, आणि क्षणभर हातात धरून इकडेतिकडे पाहिलं. फेकायला बर्फ नव्हता. त्यांनी ती नीट घडी करून मांडीवर ठेवली. मास्तरांनी डबीतली तंबाखू पुढे केली. एरवी मागितली तरी देत नाहीत.

साडेसात वाजले असतील. मुलाचा फोन आला, रोजचा. आप्पांनी स्पीकरवर घेतला.

"आप्पा, आवाज का असा येऊ राह्यला?"

"हारलो."

"कोन? मुंबईची मॅच तं बुधवारी हाये ना?"

"मुंबई नही रे. तुझ्या गावची टीम हारली."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही.

"गावची?" मुलगा म्हणाला. "कबड्डीची का?"

आप्पांनी फोनकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि फोन माईंच्या हातात दिला.